कप्तानाचा गुडघा

सरकार पडलं त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी त्याची मिळून अकरा कारणं छापली. कुणी म्हणालं, दीपगृहांचा निर्णय भोवला. कुणी म्हणालं, तीन तिघाडा काम बिघाडा, हे व्हायचंच होतं. एका संपादकाने तर यात बाहेरच्या शक्तींचा हात पाहिला. त्या शक्ती कोणत्या, हे मात्र त्याने जागेअभावी सांगितलं नाही. खरं कारण बारावं होतं. ते ज्यांना पक्कं ठाऊक होतं ते गृहस्थ त्या आठवड्यात घरी मटार सोलत बसले होते, आणि त्यांचं तसं बरं चाललं होतं.

या गृहस्थांना सगळा देश जुळारी म्हणायचा. तरुणपणी ते छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा, ओळीत बसवायचा, आणि ती ओळ उलटी वाचून तपासायची. छापखान्यातून ते कामगार संघटनेत गेले, तिथून नगरपालिकेत आणि तिथून संसदेत. खिळे सुटले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे एकसष्टाव्या वर्षी तीन पक्षांची मोट बांधून ते पंतप्रधान झाले, तेव्हा ते नाव लोकांना फारच शोभून दिसलं.

संसद एकशे एक जणांची. जुळाऱ्यांच्या पक्षाचे छत्तीस, वकीलबाईंच्या पक्षाचे अकरा आणि कप्तान धरून त्यांचे सहा. झाले त्रेपन्न. बहुमताला एक्कावन्न लागत. म्हणजे दोन माणसांना एकाच दिवशी ताप आला, तर सरकारलाही थंडी वाजायची.

वकीलबाई बोलणी करायला आल्या त्या चौदा पानांचा करार घेऊनच. त्यात कलमं, पोटकलमं, कोणतं खातं कुणाकडे, फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या किती, कोणत्या महिन्यात किती रस्त्यावर येणार, सगळं. जुळाऱ्यांनी पानापानावर सही केली. बाईंनी शाई वाळेपर्यंत कागदावरची नजर काढली नाही.

कप्तान आले ते हात हलवत. चाळीस वर्षं प्रवासी बोट चालवलेला माणूस, अंगाने दणकट, वय पंच्याहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. बंदराकडच्या सहा मतदारसंघांत त्यांचा शब्द चालायचा. खुर्चीत बसताना त्यांनी आधी पाय पुढे ताणला आणि मग स्वतः बसले.

"तुमचा मसुदा?" जुळाऱ्यांनी विचारलं.

"कागद नको. तू मला विचारत जा, बस."

"काय विचारू?"

"ते तुझं तू बघ," कप्तान म्हणाले. "पण विचारत जा. आजवर सगळी सरकारं आम्हाला कळवत आली. विचारलं कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जुळाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या फोनवरून त्यांना फोन केला. काय विचारावं ते काही सुचेना, म्हणून विचारलं, "कप्तान, रात्री झोप लागली का?"

"मला लागली. गुडघा जागा होता."

तिथून ते सुरू झालं. रोज साडेसहा, रोज स्वयंपाकघर, शेजारी चहाचं आधण. कप्तानांकडे बोटीवरचं जुनं वायुभारमापक होतं. त्याच्या काचेवर टिचकी मारून ते काटा कुठे आहे ते सांगायचे, आणि काटा फारच खाली असला तर म्हणायचे, "आज विधेयक मांडू नकोस, बुडशील." पाच-सात मिनिटांत सगळं उरकायचं. त्यात राजकारण असं नसायचंच. पण बोलता बोलता एखादं वाक्य निसटायचं. "काल धक्क्यावरच्या बायका बर्फाच्या कराबद्दल कुरकुरत होत्या." बस, एवढंच. जुळारी ऑफिसात जाऊन बर्फावरच्या कराचं कलम गुपचूप गाळायचे. बारा गावचं पाणी प्यायलेले पत्रकार म्हणायचे, या माणसाला वारा आधी कळतो. वारा कसला कळतोय! त्यांना तो रोज सकाळी साडेसहाला कुणीतरी सांगत होतं.

जुळाऱ्यांच्या बायकोला हे सगळं ठाऊक होतं, कारण चहाचं आधण तिचं असायचं. प्रसूतीच्या वॉर्डात तिने तीस वर्षं परिचारिकेचं काम केलं होतं. तिला सगळं गाव सिस्टर म्हणायचं, आणि ऐकून ऐकून नवराही तेच म्हणायला लागला. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा पंतप्रधान जगात दुसरा नसेल.

तीन वर्षं सरकार टिकलं. टिकलं म्हणजे नुसतं तग धरून नव्हे, चांगलं चाललं. फिरते दवाखाने डोंगराकडच्या वस्त्यांपर्यंत पोचले. लोक जुळाऱ्यांवर खूश होते. आणि माणसाचं बरं चाललं की भोवती व्यवस्था उभी राहते, तशी ती राहिली.

नवे सचिव आले. चाळिशीचे, नेटके, कामाचा उरक जबरदस्त. साहेबांचा वेळ कुठे कुठे जातो याचा त्यांनी तक्ताच केला. त्यात सकाळचे साडेसहा लाल रंगात होते.

"सर, हा फोन कशासंबंधी असतो?"

"कसं सांगू," जुळारी म्हणाले. "गुडघ्यासंबंधी."

सचिव सभ्य होते, हसले नाहीत. त्याच महिन्यात अकरा दिवसांचा परदेश दौरा आला. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार, फोन जमेना. परत आले तेव्हा सचिवांनी सोय करून ठेवली होती. मित्रपक्षांसाठी एक वेगळी अधिकारी नेमली होती. ती दर सोमवारी अकराला कप्तानांना फोन करून अडचणी विचारणार आणि टिपण साहेबांच्या टेबलावर ठेवणार. साडेसहाला आता दिवसभराच्या कामांची बैठक होती.

पहिल्या सकाळी जुळाऱ्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्या सकाळीही वाटलं. तिसऱ्या सकाळी नाही वाटलं.

टिपणं मात्र नेमाने येत होती. "कप्तान: तक्रार नाही." पुढच्या सोमवारी पुन्हा, "कप्तान: तक्रार नाही." सात महिने एकच ओळ. जुळारी ती वाचून निश्चिंत व्हायचे. ज्याने तरुणपणी ओळ न् ओळ उलटी वाचून तपासली, त्याने ही एवढी ओळ सुलटीच वाचली.

मग दीपगृहांचं प्रकरण आलं. बाब मोठी नव्हती. किनाऱ्यावरची नऊ दीपगृहं यंत्रावर चालवायची, तिथल्या राखणदारांना दुसऱ्या कामावर घ्यायचं. कुणाची नोकरी जात नव्हती. वकीलबाईंच्या खात्याने प्रस्ताव केला, मंत्रिमंडळाने मंजूर केला. मंत्रिमंडळात कप्तानांच्या पक्षाचा जो मंत्री होता त्यानेही हात वर केला, कारण कप्तानांना विचारायचं काम त्याचं नव्हतं, पंतप्रधानांचं होतं. कप्तानांनी ही बातमी वर्तमानपत्रात वाचली. मंगळवारी वाचली, आणि शुक्रवारी त्यांच्या सहा सभासदांनी पाठिंबा काढल्याचं पत्र दिलं. विरोधी पक्षनेत्याने त्याच संध्याकाळी अविश्वासाचा ठराव दाखल केला. मतदान पुढच्या गुरुवारी.

धावपळ उडाली. जुळाऱ्यांनी शनिवारीच जाहीर करून टाकलं, दीपगृहांचा निर्णय मागे. सगळे राखणदार जागच्या जागी. बंदराकडून एका ओळीचा निरोप आला: "दीपगृहांचं काही नाही."

"मग कशाचं आहे?" वकीलबाई कडाडल्या. मंत्रिमंडळाच्या खोलीत त्या आणि जुळारी दोघेच होते. "माणसाला काय हवंय ते सांगता येऊ नये? असो. मी सोय केलीय." त्यांनी बॅगेतून एक बंद पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "सहातले चार आपल्याकडे यायला तयार आहेत. दोघांना मंत्रिपद, दोघांना महामंडळ. सत्तेचाळीस अधिक चार, एक्कावन्न. गुरुवारी आपण एका मताने जिंकतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"विचार करतो," जुळारी म्हणाले.

"बुधवारपर्यंत करा. गुरुवारी विचाराला मत नसतं."

रविवारी सकाळी ते स्वयंपाकघरात आले. बैठक नव्हती, म्हणून बऱ्याच दिवसांनी निवांत खुर्ची ओढून बसले. सिस्टरने कप पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "अहो, तुम्ही कप्तानांना शेवटचा फोन कधी केलात?"

"त्यासाठी एक अधिकारी आहे."

"मी अधिकारी नाही विचारला."

जुळाऱ्यांनी आठवून पाहिलं. आठवलं तेव्हा कप तसाच हातात राहिला. "दौऱ्याच्या आधी," ते म्हणाले. "सात महिने झाले गं."

"वॉर्डात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे," सिस्टर म्हणाली, "पेशंटला 'काही त्रास होतोय का' असं दारातून विचारायचं नाही. दारातून विचारलं की सगळे नाही म्हणतात. जवळ बसायचं, मग सांगतात." आणि ती पाव कापायला लागली. फार ताणून धरायचा तिचा स्वभाव नव्हता.

सोमवारी जुळारी एकटेच बंदरावर गेले. एक चालक, एक रक्षक, एवढेच. आणि त्या दोघांनाही त्यांनी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसवलं. कप्तानांचं घर धक्क्याला लागून, तळमजल्यावर. दार उघडंच होतं. आत ओल्या वेताचा वास भरला होता. गेली काही वर्षं कप्तान मोडक्या खुर्च्या विणून द्यायचे. भिंतीशी दहा-बारा खुर्च्या बैठका फाटलेल्या अवस्थेत उभ्या होत्या आणि मधोमध पाण्याने भरलेल्या घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत होत्या. कप्तान एका ठेंगण्या स्टुलावर बसले होते, पाय लांब करून.

त्यांनी वर पाहिलं. आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही.

"आलास? बरं झालं. हे टोक धर."

देशाच्या पंतप्रधानांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि वेताचं टोक धरलं. कप्तान खालून पट्टी ओवायचे, जुळारी वरून ताणायचे. बोटं छापखान्यातली, दोन ओळींत त्यांना ताण कळला. बैठकीच्या चार-पाच ओळी विणून झाल्या.

"कप्तान," शेवटी जुळारी म्हणाले, "झोप लागते का?"

"आता विचारतोस?"

"आता विचारतो."

कप्तानांनी पट्टी खाली ठेवली. "पहिले पंधरा दिवस मी आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून. म्हटलं, दौऱ्यावरून आलाय, दमला असेल. मग म्हटलं, आजारी असेल. मग पेपरात तुझा फोटो बघितला. कसला आजारी! चांगला गुबगुबीत झाला होतास."

जुळाऱ्यांना हसू आलं.

"तुम्ही करायचा होतात फोन."

"मी का करू? विचारायचं तुझ्याकडे होतं." कप्तानांचा आवाज चढला, आणि मग लगेच उतरला. "बायको गेल्यापासून या घरात सकाळी माणसाचा आवाज म्हणजे तुझा फोन. लेक रविवारी करते, ती लांब असते. मी सहालाच उठून काटा बघून ठेवायचो. विचारलंस आणि मला सांगता आलं नाही, असं नको. आणि मग ती सोमवारवाली मुलगी. पोरगी गुणी आहे, तिचा दोष नाही. पण फोन उचलला की तिचं ठरलेलं, 'आपल्या काही समस्या आहेत का?' आता तूच सांग, माझ्या गुडघ्याला मी समस्या म्हणू?"

"मग तुम्ही म्हणायचात, तक्रार नाही."

"नव्हतीच. तक्रार परक्याकडे करतात."

सात महिन्यांच्या तीस टिपणांत जे नव्हतं, ते या एका वाक्यात आलं होतं.

"आणि डॉक्टर?" जुळाऱ्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणजे विरोधी पक्षनेता. तो खरोखरीचा डॉक्टर होता, हाडांचा.

कप्तान थोडे ओशाळले. "तो तीनदा आला. पहिल्यांदा राजकारण बोलायला लागला, मी हाकललं. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, राजकारण राहू द्या, पाय दाखवा. बसला इथे जमिनीवर. गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला. म्हणाला, तुम्ही उकिडवे बसता तेच चुकतंय. तिसऱ्यांदा येताना हे स्टूल घेऊन आला." त्यांनी बसल्या जागी स्टुलावर थाप मारली. "दुखणं निम्मं झालं रे."

"मी दोन-अडीच वर्षं रोज विचारत होतो."

"विचारत होतास. त्याने हात लावून बघितला."

यावर मात्र जुळारी मोठ्याने हसले. कप्तानही हसले. बाहेर धक्क्यावर कुणीतरी दोर ओढत होतं, त्याने वळून घरात पाहिलं.

"मी चिडलो होतो," कप्तान म्हणाले. "दीपगृहांचं पेपरात वाचलं आणि डोकं फिरलं. चिडून त्याला शब्द दिला. आता तू आलास, टोक धरलंस, चीड गेली. पण शब्द राहिला. चीड गेली म्हणून शब्द परत घेता येत नाही."

"नाही येत," जुळारी म्हणाले. "मी मागायला आलोही नाही." असं म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कळलं, की आपण निघालो होतो ते मागायलाच, वाटेत कुठेतरी नाही, इथे या घमेल्यापाशी बसल्यावर ते मागणं सुटलं. मग त्यांनी सांगून टाकलं, "तुमचे चार जण आमच्याकडे यायला तयार आहेत. पाकीट तयार आहे."

कप्तानांचे हात थांबले. "कोण?"

"नावं मी वाचली नाहीत. वाचणारही नाही. सात महिने तुमच्या घरी फोन केला नाही तो केला नाही. आता घरच फोडू?"

"मग तू पडशील."

"पडेन."

कप्तानांनी वेताची पट्टी घमेल्यात टाकली. मग उठले, आत गेले, उकडलेली अंडी आणि पाव घेऊन आले. दोघांनी मांडीवर ताटली घेऊन खाल्लं. खाता खाता जुळारी म्हणाले, "एक मात्र करा. वकीलबाईंचे फिरते दवाखाने. त्या बाईने त्यासाठी रक्त आटवलंय. डॉक्टर आला की पहिली कात्री तिथेच लागेल, कारण ते आमचं म्हणून ओळखलं जातं. तुम्ही शब्द दिलात, त्या बदल्यात त्याच्याकडून एवढा घ्या."

"लेखी घेऊ?"

"तुम्ही आणि लेखी?"

"या वेळी घेतो," कप्तान म्हणाले. "माझं एका ओळीचं काय झालं ते बघितलंच की."

उन्हं कलायच्या आत खुर्ची विणून झाली. कप्तान म्हणाले, बसून बघ. जुळारी बसले. बैठक ताणलेली, घट्ट होती. जराही करकरली नाही.

मंगळवारी वकीलबाईंना त्यांनी पाकीट जसंच्या तसं परत दिलं. बाईंचा चेहरा पांढरा झाला.

"एका म्हाताऱ्याच्या रुसव्यापायी सरकार घालवणार?"

"रुसवा नाही, वकीलबाई. करार होता. तुमचा चौदा पानांचा, त्यांचा एका ओळीचा. तुमचा मी पाळला, कारण तुम्ही दर पंधरा दिवसांनी येऊन आठवण करून द्यायचात. त्यांची ओळ मी मोडली. करारभंग झाला की काय होतं, हे मी वकिलाला सांगायचं?"

"आणि मी? माझे अकरा जण? आमचं काय चुकलं?"

"काहीच नाही," जुळारी म्हणाले. "त्याचं मला वाईट वाटतं, आणि वाटत राहील. चार माणसं फोडून आणली असती तर उद्या तीच दुसरीकडे फुटली असती, हेही खरं. पण त्याने तुमचं नुकसान भरून येत नाही."

बाईंनी पाकीट बॅगेत कोंबलं आणि दार आपटून गेल्या. खाली गाडीत बसेपर्यंत त्यांचे बूट ऐकू येत होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला: "आमची अकरा मतं तुम्हालाच आहेत. चिडले म्हणून काय झालं."

सचिव तर अगदी कोसळले होते. ते तक्ता घेऊनच आले, जणू गुन्ह्याचा पुरावा. "सर, ही चूक माझी. तो लाल रंग मीच दिला होता."

"तक्ता बरोबर होता," जुळाऱ्यांनी त्यांना बसवलं. "फोन करायला किती वेळ लागतो हे तुम्ही अचूक मोजलंत. कशाला लागतो ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी थट्टेवारी नेलं. आणि दुसऱ्याने लाल रंग दिला म्हणून मी थांबलो, यात दुसऱ्याचा काय दोष?"

गुरुवारी संसद गच्च भरली. दिवसभर भाषणं झाली. दीपगृहं आली, बर्फाचा कर आला, परदेश दौरा आला. डॉक्टर चांगला बोलला. टीका केली, पण अंगावर गेला नाही. शेवटी जुळारी उत्तराला उभे राहिले. गेल्या तीन वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यात छोटं भाषण.

"सन्माननीय सभासदांनी बरीच कारणं सांगितली," ते म्हणाले. "सगळी ऐकायला भारदस्त आहेत, आणि मी त्यांतलं एकही खोडत नाही, कारण खरं कारण त्यांच्यापेक्षा फारच साधं आहे. एक काम होतं. छोटं होतं, रोजचं होतं आणि माझं होतं. ते मी दुसऱ्यावर सोपवलं. ज्या दिवशी सोपवलं त्या दिवशी हे सरकार पडलं. आज आपण फक्त मोजणार आहोत. तीन वर्षं साथ दिलीत, आभारी आहे."

कप्तान समोरच्या बाकावर बसले होते. मतदानाच्या वेळी त्यांनी हात वर केला आणि तो खाली येईपर्यंत जुळाऱ्यांकडेच पाहत राहिले. सत्तेचाळीस विरुद्ध चोपन्न. घोषणा झाल्या, कागद उडाले. बाहेर पडताना दाराशी कप्तानांची आणि त्यांची गाठ पडली. गर्दी होती, कॅमेरे होते. कप्तानांनी खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यावर डॉक्टरच्या अक्षरात लिहिलं होतं, की फिरते दवाखाने चालू राहतील, गाड्या कमी होणार नाहीत. अक्षर डॉक्टरचंच, लावायला दोन मिनिटं लागली. जुळाऱ्यांनी तो तसाच नेऊन वकीलबाईंच्या हातात ठेवला. बाईंनी वाचला. मग उलटा करून पाठही बघितली, पोटकलम नाही ना म्हणून. मग चष्मा पुसला.

सरकारी बंगला सोडायला पंधरा दिवसांची मुदत असते. सिस्टरने सहाव्या दिवशीच सामान बांधलं. तीन वर्षं तिला त्या घरात खिळा ठोकायलाही अर्ज करावा लागत होता. जुनं घर तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं, लेकीने झाडून पुसून ठेवलेलं. शेजारी स्वागताला पायऱ्यांवर उभे होते, म्हणजे वाटेतच उभे होते.

सगळं चढलं. राहिलं एक कपाट. ते तीन वर्षांत सिस्टरने हौसेने घेतलेलं, आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ते असं काही अडकलं, की वरही जाईना आणि खालीही येईना. वरून दोघे ओढत होते, खालून दोघे रेटत होते. जुळारी मधे अडकले होते, पाठ भिंतीला लावून.

"डावीकडे तिरकं करा," ते म्हणाले.

कुणीही केलं नाही.

"मी म्हणतो, आधी दारं काढा."

"अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा बरं," तळमजल्यावरचा सुतार म्हणाला, "मला काम करू द्या." आणि त्याने कपाट उजवीकडे तिरकं करून एका दमात वर नेलं.

जुळारी पायरीवर तसेच उभे राहिले. गेल्या तीन वर्षांत त्यांना कुणी बाजूला व्हा म्हटलं नव्हतं. त्यांना ते इतकं आवडलं, की ते तिथेच पायरीवर बसले आणि हातरुमालाने कपाळ पुसायला लागले. वरून सिस्टरची हाक आली, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते येऊन सांगा. आणि ते उठून वर पोचेपर्यंत तिने ते तिला हवं त्या भिंतीला लावूनही टाकलं होतं.